तंबोरा ऐकू येत नाही

मी रागीट आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. पनवेलमध्ये पस्तीस वर्षं मी गाणं शिकवलं. या पस्तीस वर्षांत माझ्या तोंडाला कंटाळून जितक्या मुली क्लास सोडून गेल्या, त्यातल्या निम्म्या परत आल्या, कारण माझ्यासारखा तंबोरा गावात दुसरं कुणी लावत नाही. हे मी म्हणत नाही, लोक म्हणतात. बरं, मीही म्हणते.

माझ्या क्लासचे नियम दोनच. पहिला, नव्या मुलीनं महिनाभर गायचं नाही. तंबोऱ्याच्या भोपळ्याजवळ कान नेऊन बसायचं आणि ऐकायचं. मुलींच्या आया दारात येऊन विचारायच्या, "बाई, गाणं कधी सुरू होणार?" मी म्हणायची, "सुरू झालंय की!" दुसरा नियम, बाई रागावल्या तर उलट उत्तर द्यायचं नाही. मी बोलत असताना नाही, आणि बोलून झाल्यावरही नाही. हा दुसरा नियम मला माझ्या गुरूंकडून मिळालेला, आणि तो किती शहाणपणाचा आहे याबद्दल मला या वर्षीपर्यंत कधी शंका आली नव्हती.

माझी एक शिष्या आहे. नऊ वर्षांची असताना नेऱ्याहून वडिलांच्या स्कूटरवर मागे बसून पहिल्यांदा आली. महिनाभर गप्प बसायचं म्हटल्यावर बाकीच्या मुली चुळबुळ करतात, ही सव्वा महिना बसली. मीच शेवटी म्हटलं, "अगं, आता गा." सतरा वर्षं शिकली माझ्याकडे. आता पुण्यात असते, तिथे शिकवते आणि गाते. मला एकच मुलगा, तो बंगळुरूला. मुलगी असती तर कशी असती, हे मला या पोरीमुळे कळलं. दर रविवारी संध्याकाळी तिचा फोन यायचा आणि तासभर आमचं चालायचं, कुणी काय गायलं, कुणाची तान कुठे घसरली. आमचे हे म्हणायचे, "चला, कोर्ट भरलं."

दोन वर्षांपासून माझे गुडघे गेले. दादर-पुण्याच्या मैफली सोडाच, गावातल्या नाट्यगृहाच्या पायऱ्यासुद्धा चढवेनात. म्हणून गेल्या दिवाळीत मुलानं त्याचा जुना कॉम्प्युटर आणून आमच्या हॉलमध्ये मांडला. मैफली हल्ली सगळ्या घरबसल्या दिसतात, पडद्यावर बटण दाबलं की गायक समोर. शिवाय व्हिडिओ कॉलसाठी त्यानं काय काय घालून दिलं. आमच्या रस्त्यावरचे हॉर्न त्याला ऐकू येऊ नयेत, त्याच्याकडचा मिक्सर मला ऐकू येऊ नये, अशी सोय केली. नातीचं बोबडं बोलणं अगदी स्वच्छ यायला लागलं. मी खूश होते.

मैफलींचं मात्र काही खरं नव्हतं. कॉम्प्युटरच्या दोन बाजूंना मुठीएवढे दोन स्पीकर. त्यातून येणारा तबला पोत्यावर थाप मारल्यासारखा, आणि गळा पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. तेही मी चालवून घेतलं असतं. पण तंबोरा? तंबोरा कुणाच्याच मैफलीत ऐकू येईना! मागे दोन-दोन तंबोरे उभे, मुली बोटं फिरवतायत, आणि आवाज नाही. मी तर्क केला की ही नवी फॅशन. गळा उठून दिसावा म्हणून साउंडवाल्याला सांगून तंबोरा मारून टाकायचा. दर रविवारी फोनवर मी हेच सांगायची, अमक्याकडे तंबोरा नव्हता, तमकीनं तर शोभेची झाडं ठेवावीत तसे तंबोरे ठेवले होते. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "हो का बाई?"

तीन महिन्यांपूर्वी पुण्याच्या एका सभेत सकाळच्या सत्रात ती गायली. केवढी मोठी गोष्ट! मी सकाळी लवकर आंघोळ करून, चांगली साडी नेसून कॉम्प्युटरसमोर बसले. हे हसले, "ती तुला बघणार आहे का?" मी म्हटलं, "मी तिला बघणार आहे ना!" पडदा उजळला. ती मधोमध, मागे दोन तंबोरे. तिनं डोळे मिटले, षड्ज लावला.

तंबोरा नव्हता. माझ्या शिष्येच्या मैफलीत तंबोरा नव्हता!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाकीचे करतात ते करोत, पण हिनं? सव्वा महिना भोपळ्याला कान लावून बसलेल्या पोरीनं? मी पुढचं काही ऐकलंच नाही. कॉम्प्युटर बंद केला आणि तिला मेसेज लिहिला: "तंबोरा ऐकू येत नाही. शोभेलाच ठेवायचा असेल तर यापुढे माझं नाव लावू नकोस."

संध्याकाळी उत्तर आलं. "हो बाई."

एवढंच. त्या रविवारी फोन आला नाही. पुढच्याही नाही. फोनच्या जागी दोन ओळींचे मेसेज यायला लागले. नमस्कार बाई, तब्येतीला जपा, अमुक दिवशी अमुक ठिकाणी गाते आहे. मला वाटलं, आला तुटकपणा. झाली मोठी. मी उत्तरं द्यायचं सोडून दिलं आणि रविवारची संध्याकाळ कपाटं आवरण्यात घालवू लागले. आमच्याकडे आता एकही कपाट आवरायचं राहिलेलं नाही.

मग गेल्या महिन्यात तिचा पुन्हा मेसेज आला, येत्या रविवारी सकाळी दहा वाजता पुण्यात गाते आहे, घरी बसून ऐकता येईल. मी मनाशी ठरवलं की ही मैफल ऐकायची आणि काय तो निकाल लावायचा. तंबोरा असेल, तर आपण होऊन फोन करायचा आणि झालं गेलं विसरायचं. नसेल, तर संपलं. सतरा वर्षं संपली. पण निकाल लावायचा तर साक्षीपुरावा धड हवा. त्या डबड्यातून ऐकून नाही.

"चांगले स्पीकर कुठे मिळतील? मुंबईला जावं लागेल का?" मी विचारलं.

हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "काखेत कळसा अन् गावाला वळसा. खाली गल्लीत कोण आहे?"

खाली गल्लीत माझा जन्माचा वैरी होता. मूळ गव्हाणचा माणूस, पन्नाशी ओलांडलेला. आमच्या बिल्डिंगच्या मागेच त्याचं गोडाऊन. हळदीला डीजे पुरवायचा धंदा. आमच्या भागात लग्नापेक्षा हळद मोठी, आणि हळदीला छाती हादरवणारा आवाज नसेल तर ती हळदच नव्हे. माझा क्लास सहाला सुरू व्हायचा आणि याचं "हॅलो, चेक, चेक" बरोब्बर सहाला. एकदा मी लाटणं हातात घेऊन खाली गेले होते. एकदा पोलिसांना बोलावलं होतं.

"त्याला घरात घ्यायचं?"

"त्याला नाही, त्याच्या कानाला," हे म्हणाले.

शनिवारी सकाळी तो आला. दारात चपला काढल्या, आत आला, आणि नमस्कार-चमत्कार न करता हॉलच्या मधोमध उभा राहून एक टाळी वाजवली. मग कोपऱ्यात जाऊन दुसरी. मी बघतच राहिले.

"मॅडम, तुमचा हॉल लय बोलतो," तो म्हणाला. "खाली लादी, वर स्लॅब, भिंती उघड्या. आवाज तुमच्यापाशी यायच्या आधी चार ठिकानी आपटतो."

"मग काय करायचं?"

"करू ना. पन तुमी आमच्यावर पोलीस आनलेले, याद हाय ना?"

"आणले होते," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू? "परत वाजवलंत तर परत आणीन."

तो जोरात हसला. इतका मोकळा हसला की माझाही ताठा जरा उतरला. मग त्यानं विचारलं, "तुमाला नक्की काय ऐकायचंय?"

"तंबोरा."

"मंग आधी खरा ऐकवा. मना खरा म्हाईत नसला, तर मशीन काय खातंय ते मी कसं सांगू?"

पस्तीस वर्षांत एकाही आईबापानं हे म्हटलं नव्हतं! मी माझा मोठा तंबोरा खोळीतून काढला, जुळवला, आणि छेडायला लागले. तो समोर मांडी घालून बसला आणि डोळे मिटले. दोनेक मिनिटं गेली. त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"मॅडम, तारा चार हायत ना?"

"चार."

"मंग पाचवा आवाज कोन वाजवतंय?"

माझं बोट तारेवरच थांबलं. तंबोऱ्याच्या शेवटच्या जाड तारेतून, खर्जातून, घोडीवरची जवारी, म्हणजे तारेला झणकार देणारा दोरा, नीट लागली असेल तर गंधार आपोआप उमटतो. तो कुणी छेडत नाही, त्याची तार नसते. माझ्या मुलींना तो ऐकू यायला वर्ष-वर्ष लागतं, आणि काहींना मी सांगते म्हणून ऐकू येतो. या हळदीच्या डीजेवाल्यानं तो दोन मिनिटांत पकडला होता. मला फार आनंद झाला. मी उगाच एक खुंटी पिळली आणि नाक ओढलं.

"तुम्ही गाणं शिकलात कधी?"

"नाय ओ. माझी आय धवलारीन होती. हालदीला, लग्नाला धवले गायची. तिच्या मांडीवर बसून कान झाला. पन्नास बाया गाताना कनची बेसूर हाय ते आय मना विचारायची. मी बोट दाखवायचो. लय मार खाल्ला त्या बायांचा."

त्यानंतर माझ्या हॉलमध्ये जे काही सुरू झालं, ते लग्नघराला लाजवेल असं होतं. तो खाली जाऊन दोन मध्यम आकाराचे लाकडी बॉक्स घेऊन आला. हळदीचे नव्हेत, गोडाऊनमध्ये तपासणीसाठी ठेवलेले. म्हणाला, यांच्यात खोटं चालत नाय. सोबत एक जुना ॲम्प्लिफायर आणि काडेपेटीएवढी एक डबी, जी कॉम्प्युटर आणि ॲम्प्लिफायर यांच्या मधे लागते. कॉम्प्युटरच्या पोटातून आवाज काढला की त्याच्या पंख्याची न् वायरींची घरघर सोबत येते, या डबीतून काढला की तो साफ येतो. बॉक्स मी टीव्हीच्या कपाटात ठेवायला निघाले तर त्यानं मला जवळजवळ ढकललंच. "कपाटात घालून कोन बोलतं काय? भिंतीपासून दोन हात पुढं. तुमच्या कानाच्या उंचीला. दोन बॉक्स आन तुमची खुर्ची, तिघांच्यात सारखं अंतर."

कानाच्या उंचीला आणायला शिवणाच्या मशीनचं स्टूल आणि पाण्याच्या पिंपाची तिवई कामाला आली. पिंप ह्यांनी मोरीत नेऊन ठेवलं. मागच्या भिंतीवर माझ्या सासूबाईंची गोधडी खिळ्यांना टांगली, खाली क्लासच्या दोन सतरंज्या अंथरल्या. मग त्यानं पुन्हा टाळी वाजवली. या वेळी टाळी वाजली आणि जागच्या जागी संपली. मीही वाजवून बघितली. मग ह्यांनी. आम्ही तिघं म्हातारे वेड्यासारखे हॉलभर टाळ्या वाजवत फिरत होतो.

कॉम्प्युटरवरही त्यानं बरंच काही केलं. मैफलीच्या खाली दातेरी चाकाचं चिन्ह असतं, तिथे आवाज-चित्र आपोआप कमी दर्जावर जात होतं, ते वरच्या दर्जावर पक्कं केलं. आवाज 'सुधारणारे' दोन-तीन पर्याय कुठूनसे शोधून काढून बंद केले. "सुधरवायचा तर कान सुधरवा, आवाज कशाला?" हे वाक्य माझं असायला हवं होतं. मग त्यानं एका बुजुर्ग गवयाची जुनी मैफल लावली.

आणि काय सांगू! तबल्याचा बायाँ घुमला तो माझ्या पोटात घुमला. गवयानं तान घेण्याआधी श्वास घेतला, तो मला ऐकू आला. त्यांच्या अंगठीची टकटक ऐकू आली. मी "अहो, या, लवकर या" म्हणून इतक्या मोठ्यानं ओरडले की हे स्वयंपाकघरातून चहाचं गाळणं हातात घेऊनच धावत आले. साठी उलटल्यावर माणसाला नवे कान फुटावेत, तसं मला झालं होतं.

तो मात्र हसत नव्हता. तो एका बॉक्सजवळ उकिडवा बसून पडद्याकडे बघत होता.

"पोरींची बोटं हालतात," तो म्हणाला. "तंबोरा कुटं हाय?"

"तेच तर! मी काय सांगतेय तुम्हाला? मारून टाकतात हल्ली."

"हे जुनं गानं हाय ना? म्हनजे हल्लीचं नाय." त्यानं मान हलवली. "आन आवाज खाली घेतला तरी त्याची सावली राहते, मॅडम. हितं सावली पन नाय. हे कोनीतरी पुसलंय."

"तुझ्या शिष्येची ती मैफल लावू?" हे हळूच म्हणाले.

"ती नको," मी म्हटलं. मला ती पुन्हा ऐकायची हिंमत नव्हती, हे खरं कारण. त्याला चार वाजता उलव्याला हळदीसाठी सामान चढवायचं होतं. जाताना दारातून तो दोनदा मागे वळून कॉम्प्युटरकडे बघून गेला. मी म्हटलं, हा आज हळदीत चुकणार.

रविवारी साडेनऊला तो हजर. डोळे तांबारलेले, केसांत हळद. "डोक्यात तेच फिरत व्हतं," म्हणाला आणि थेट कॉम्प्युटरसमोर बसला. एकेक खिडकी उघडायची, बघायची, मिटायची. दहाला पाच मिनिटं कमी असताना पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात, घड्याळाच्या शेजारी, त्याला एक हिरवा ठिपका दिसला.

"ह्यो कोन?"

"ते माझ्या मुलानं टाकलंय. व्हिडिओ कॉलसाठी."

"काय करतं?"

"गोंगाट काढतं. आमच्याकडचा आणि त्याच्याकडचाही. पंखा, मिक्सर, गाड्या, सगळं गायब होतं. फार छान आहे."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग भिंतीशी टेकवलेल्या माझ्या तंबोऱ्याकडे. मग परत माझ्याकडे.

"मॅडम, गोंगाट कंचा ते मशीनला कसं कळनार? जो आवाज थांबत नाय, तो गोंगाट. पंखा थांबत नाय, मिक्सर थांबत नाय." त्यानं तंबोऱ्याकडे बोट दाखवलं. "तुमचा तंबोरा थांबतो का कधी?"

मला समजायला दोन क्षण लागले. तेवढ्यात दहा वाजले, पडद्यावर पुण्याचा मंच दिसला, ती येऊन बसली, नमस्कार केला, मागच्या मुलींनी तारांवर बोटं ठेवली. बोटं हलली. शांतता. त्यानं तो हिरवा ठिपका दाबून ते यंत्र बंद केलं.

तंबोरा आला! धरणाचे दरवाजे उघडावेत तसा आला. दोन बॉक्समधून, गोधडीवरून, सतरंजीवरून, खर्जासकट, गंधारासकट माझ्या हॉलमध्ये भरला. मी गुडघे विसरून ताडकन उभी राहिले. "आहे! आहे!" मी ओरडले. "तंबोरा आहे तिच्याकडे! सुधारली पोर!" हे टाळ्या वाजवायला लागले. मी त्या हळदीच्या केसांवरून हात फिरवला की काय, मला आठवत नाही, पण हे म्हणतात मी फिरवला.

तिनं अल्हैया बिलावल सुरू केला. मी खुर्चीच्या टोकावर बसून ऐकत होते. पाच मिनिटं. दहा मिनिटं. आणि मला काहीतरी खटकायला लागलं. बिलावल हा सरळमार्गी राग, सकाळच्या उन्हासारखा मोकळा हवा. ही तर ओढून गात होती. तिच्या मानेच्या शिरा दिसत होत्या. एका सुरावरून दुसऱ्यावर ओघळणारी तिची मींड अर्ध्यावर तंबोऱ्यात बुडून जात होती.

"तंबोरा लय वर हाय," डीजेवाला म्हणाला.

"माझी शिष्या आहे. तंबोरा वर असणारच," मी फणकारले.

"वर म्हनजे किती? बाईच्या तोंडावर चादर टाकल्यागत झालंय. मी असा लावला असता तर लोकांनी मना मांडवातून बाहेर काढला असता."

आणि पडद्याच्या कडेला ऐकणारे लोक तेच लिहीत होते. तंबोरा फार मोठा आहे. गळा ऐकू येत नाही. साउंडवाल्याला कुणीतरी सांगा. मी तासभर ते वाचत आणि ऐकत बसले, आणि मला माझाच मेसेज आठवत राहिला.

मध्यंतर झालं. पंधरा मिनिटं, अशी पाटी पडद्यावर आली. मी म्हटलं, "ती दोन महिन्यांपूर्वीची मैफल लावा."

लावली. तोच मंच, तेच दोन तंबोरे, तोच डोळे मिटून लावलेला षड्ज. आणि या वेळी तंबोरा होता. पहिल्या क्षणापासून होता. केळीच्या पानावर भात वाढावा, तसा त्या तंबोऱ्यावर तिचा गळा मांडलेला. ना कमी, ना जास्त. मी शिकवला होता त्याच्याहून सुंदर लावलेला तंबोरा. मी इतकं नितळ कधीच गायले नाही, आणि ते गाणं मी तीन मिनिटांत बंद करून तिला माझं नाव सोडायला सांगितलं होतं.

मला रडू आलं. डीजेवाला खिडकीशी जाऊन बाहेर बघायला लागला. ह्यांनी माझा फोन आणून हातात दिला. मैफलीच्या मध्यंतरात गाणाऱ्याला फोन करू नये, हे मी स्वतः मुलींना शिकवलंय. मी फोन लावला. पहिल्याच घंटेला तिनं उचलला.

"बाई?" तिचा आवाज घाबरलेला, आणि विलक्षण मोठा. "बाई, बरं आहे ना सगळं? माझा आवाज येतोय का?"

"ओरडतेस कशाला? येतोय," मी म्हटलं. "हे बघ, वेळ नाही. माझं चुकलं. त्या दिवशी तुझा तंबोरा होता. माझ्या कॉम्प्युटरमध्ये एक यंत्र होतं, ते तंबोऱ्याला गोंगाट समजून काढून टाकत होतं. आज कळलं. मी तुला नको ते बोलले. मला माफ कर."

पलीकडे कुणीतरी तिला चहा विचारत होतं.

"म्हणजे... तुमचे कान ठीक आहेत?"

"माझ्या कानांना काय धाड भरलीय?"

"बाई, मला वाटलं..." ती हसत होती की रडत होती, मला कळेना. "तुम्ही दर रविवारी सांगायचात ना, अमक्याकडे तंबोरा नव्हता, तमक्याकडे नव्हता. त्यातल्या कितीतरी मैफलींना मी समोर बसलेली असायचे. तंबोरे असायचे, बाई. मग माझाही तुम्हाला ऐकू आला नाही, तेव्हा माझी खात्रीच झाली की तुम्हाला ऐकू येईनासं झालंय. तुम्हाला हे सांगायचं कुणी? आणि फोनवर तुम्हाला ऐकायला त्रास होईल, म्हणून मी लिहायला लागले."

मी डोळे पुसले. शेवटी मी विचारलं, "मग आज तंबोरा एवढा वर का घेतलास? लोक नावं ठेवतायत तुला."

"आजच नाही. दोन महिने प्रत्येक ठिकाणी साउंडवाल्याशी भांडून वर घेते. ठेवू देत नावं. मला वाटलं, तुम्ही कुठे ऐकत असाल तर तुम्हाला निदान तंबोरा तरी मिळू दे."

मी आयुष्यभर मुलींना एकच गोष्ट ओरडून सांगत आले, तंबोरा वर घे, तंबोरा वर घे. त्या दिवशी पहिल्यांदा उलटं बोलले.

"खाली घे गं तो," मी म्हटलं. "मला तुझा गळा ऐकायचाय."

तिकडे घंटा झाली. "हो बाई," ती म्हणाली, आणि घाईत फोन बंद करायचा विसरून तशीच चालायला लागली. माझ्या पडद्यावर अजून मध्यंतराची पाटी होती. पण कानाला लावलेल्या फोनमधून मला तिची पावलं ऐकू येत होती, कुणाचा तरी खोकला, तंबोऱ्याच्या तारेचा एक टणत्कार, आणि मग तिचा आवाज, तिथल्या साउंडवाल्याला सांगणारा.

"दादा, तंबोरे खाली घ्या. माझ्या बाईंना ऐकू येतंय."